न फोडलेला ठोकळा

बसूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, आमच्या कॉलेजच्या काँक्रीट प्रयोगशाळेत होते. रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. चांगलं बोलणारे लातुरात ढिगानं भेटले, म्हणून उरलेलं मी बोलते.

दादा माझा चुलत भाऊ. लातुरात सिमेंट-लोखंडाचं दुकान, शिक्षण सिव्हिलचं, आणि बोलणं असं की समोरच्यानं गप बसावं. मला परदेशात एम.एस.ला प्रवेश मिळाला तेव्हा दोन वाटा होत्या. नुसते विषय देऊन वर्षभरात डिग्री, नाहीतर थीसिस, म्हणजे गाईडची मर्जी होईल तेव्हा सुटका. मुखेडला अण्णा, माझे वडील, अंथरुणाला खिळलेले. मला वर्षात परतायचं होतं. पण दादा आला आणि अण्णांच्या खाटेवर बसून म्हणाला, "थीसिस न्हाई तर कसलं शिक्षण? हळद न लावता लगीन केल्यावानी. मी केलोय की, मला म्हाईत हाय." अण्णांचा त्याच्यावर लई भरवसा. ते मला म्हणाले, "कर बाई. मी थांबतो."

गाईडनं रखडवलं. काँक्रीटचे ठोकळे पुन्हा ओता, ताकद मोजायला पुन्हा फोडा, पुन्हा लिहा… दुसऱ्या वर्षी अण्णा गेले. फोनवर दादाचं पहिलं वाक्य होतं, "अर्ध्यात सोडून येऊ नको." अण्णांचं तोंडही मला दिसलं नाही. मी त्याला माफ केलं नाही, आजही करत नाही.

परवा वहिनींना भेटायला गेले. मधल्या खोलीचं दार आपटू नये म्हणून तिथं कित्येक वर्षं एक काँक्रीटचा ठोकळा लावलेला असतो. मी त्याच्याकडं बघतेय हे पाहून वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या थीसिसचा. फोडायचाच राहिला. मामंजींनी दुकानावर बसवलं, मग पुन्हा गेलेच न्हाईत. तुला ठावं नव्हतं होय?"

नव्हतं. म्हणजे स्वतःचं अर्धं राहिलेलं त्यानं माझ्याकडून पुरं करून घेतलं, आणि त्यात अण्णांचे शेवटचे दिवस गेले. खरं सांगितलं असतं तर मी त्याचं ऐकलं नसतं. हे त्यालाही कळत होतं…

ठोकळा मी मागून आणला. प्रयोगशाळेत ठोकळे फोडायच्या मशीनशेजारी ठेवलाय. ठोकळ्यात किती ताकद होती ते तो फुटल्यावरच कळतं. पोरं विचारतात, "मॅडम, हा मशीनला कधी लावायचा?"

"थांबू द्या त्याला," मी म्हणते. "आमचे अण्णा थांबले होते."