कोणी न बांधलेला निंब

तुमच्या सदरातले अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. पिंपळाखालची बाई, पांढरी साडी... अहो, पांढऱ्या साडीतल्या बाया मी उभा जन्म पाहिल्या. त्या सगळ्या नर्सेस होत्या! मी डॉक्टर आहे. लहान मुलांच्या लशी आणि त्यांची प्रतिकारशक्ती, यावर संशोधन करण्यात माझी सगळी नोकरी सरली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण एक प्रश्न मनातून जात नाही आणि आमचे हे तो ऐकून ऐकून कंटाळलेत.

आम्ही तेव्हा वर्ध्याला कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. हे फिजिक्स शिकवायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमचा पहिला मुलगा, आशिष, त्याच क्वार्टरमध्ये गोवराने आजारी पडला. मग न्यूमोनिया झाला आणि तो गेला. दहा महिन्यांचा होता. गोवराची लस तेव्हा आपल्याकडे सहजासहजी मिळत नव्हती. मी रडले नाही. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. कसला आलाय धीर! आत काही हलतच नव्हतं. भाजी निवडायची, चहा ठेवायचा, झोपायचं. काही दिवसांनी कामावर गेले आणि गोवराच्याच प्रोजेक्टवर नाव घातलं. का घातलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते. बाळ जन्मतं तेव्हा आईची प्रतिकारशक्ती थोडी त्याच्या रक्तात असते. ती हळूहळू संपते. ती शिल्लक असताना लस टोचली, तर आईचंच उरलंसुरलं ती लस निकामी करून टाकतं. उशिरा टोचावी, तर गोवर आधी येऊन बसतो. मग नेमकी कधी टोचायची? आम्ही नऊ महिने धरले होते. ते बरोबर आहे की नाही हे बघायला गावोगाव फिरून पोरांचं रक्त घ्यायचं, लस द्यायची, पुन्हा रक्त घ्यायचं. आयाबायांच्या शिव्या खायच्या, हेही त्यात आलंच.

गावात गोवर कुठे आहे हे मात्र कोणाला विचारावं लागत नसे. ज्या घरी गोवर निघाला, त्या दाराला कडुनिंबाचा पाला बांधलेला असायचा. घरात माता आली म्हणायचे. मग त्या घरी फोडणी नाही आणि बाहेरच्याने पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. मी आणि कुसुम सिस्टर गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून नुसती दारं बघायचो. पाला दिसला की तिकडे वळायचं, इतकं सोपं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. होळी होऊन गेली होती, गहू निघत होता. सेलूच्या अलीकडचं एक गाव. (नाव देत नाही, माणसं अजून आहेत.) गल्लीत शिरताना मला एका दाराला निंब दिसला. अगदी ताजा, सुतळीने आडवा बांधलेला. दारात यमुनाबाई नावाची बाई तूर पाखडत बसली होती.

"बाई, पोराले कधी निंगाला गोवर?" मी विचारलं. मी वर्ध्याचीच, बायांशी मी त्यांच्यासारखंच बोलायची.

"काऊन बाप्पा! माह्या पोराले काय धाड भरली? थो पाहा, मातीत खेळून राह्यला."

"मंग निंब काऊन बांधला?"

"कुठी?"

मी हात वर केला... चौकट कोरी होती. पाला नाही, सुतळी नाही, खिळासुद्धा नाही. यमुनाबाई सूप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. कुसुम सिस्टर हळूच म्हणाली, "मॅडम, ऊन लई आहे. आधी पाणी प्या."

पंधरवड्याने पुन्हा गेलो, तर त्याच दाराला खरोखरचा निंब बांधलेला होता आणि यमुनाबाईचं पोरगं अंगभर लाल पुरळ घेऊन आत पडलं होतं. मला बघून ती म्हणाली, "तुमाले कसं समजलं वो बाई आधीच?" मी म्हटलं, काही समजलं नव्हतं. त्याच दिवशी गल्लीच्या टोकाच्या घरावर मला तसाच ताजा पाला दिसला. जवळ गेले तर नाही. पुढच्या खेपेला त्या घरी दोन पोरं गोवराने आडवी.

पोरं बरी झाली, दोन्ही घरची. आणि मी स्वतःलाच झापलं. गावात साथ चालू आहे, कुठल्याही दाराकडे बोट दाखवलं तरी पंधरा दिवसांत तिथे गोवर निघणारच! दोन केसेसवर कोणी पेपर लिहीत नाही. भीती? नाही वाटली. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नसे.

आमची मुलगी मनू तेव्हा आठ महिन्यांची होती. हो, आशिषनंतर ती झाली. मी तिला न्हाऊ घालायची, भरवायची, सगळं करायची, पण जीव लावायला मन धजत नव्हतं. दिवसा ती शेजारच्या बाईंकडे असायची. त्यांच्या बबलूला सर्दी झाली होती, नाक गळत होतं, एवढंच.

त्या संध्याकाळी जीपमधून उतरले, लशींचा थर्मास हातात, आणि आमच्या दाराला निंब होता.

मी पायरीवरच थांबले. पानं हलत होती. आतून मनूचा आवाज येत होता. ह्यांनी दार उघडलं. "अगं, उभी काय राहिलीस? आत ये ना."

"दाराला वर काय आहे?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. "रंग. तोही उडालेला."

मी पुन्हा पाहिलं, तर खरंच फक्त रंग होता.

आत जाऊन थर्मास टेबलावर ठेवला. बर्फ शिल्लक होता, त्यात लशीची एक न फोडलेली कुपी होती. गोवराच्या माणसाशी संबंध आल्यावर दोन-तीन दिवसांत लस पोचली, तर ती गोवराला गाठू शकते. त्यानंतर उपयोग नाही. पण मनूला नऊ महिने पूर्ण नव्हते. माझंच तिच्या रक्तात काही उरलं असेल, तर लस फुकट जाणार आणि आम्ही मात्र निर्धास्त बसणार.

"तूच सगळ्यांना सांगतेस ना, नऊ महिन्यांआधी नाही?" हे म्हणाले.

"सांगते."

"मग?"

"मग काही नाही. तिला धरा."

आधी रक्त घेतलं, सवयीने. मग टोचलं. मनूने घर डोक्यावर घेतलं. ह्यांचे डोळे भरून आले. मी रक्ताच्या नळीवर तारीख लिहिली.

दोन दिवसांनी बबलूच्या कानामागे पुरळ दिसलं. ती सर्दी म्हणजे गोवराचीच सुरुवात होती. मग क्वार्टर्सच्या त्या ओळीत एकेका घरी गोवर निघत गेला. आमच्या घरी एक दिवस थोडा ताप, बस. मनूला गोवर निघाला नाही. पुढे तिचं ते आधीचं रक्त तपासलं, तर त्यात माझं काहीच नव्हतं. मी दिलेलं सगळं केव्हाच संपलं होतं. पोर उघडी पडली होती आणि मी तिला तशीच महिनाभर ठेवणार होते, नियमाने.

हे कोणाला सांगणार? डिपार्टमेंटमध्ये सांगितलं असतं तर रजेवर पाठवलं असतं. शेवटी सांगितलं ते यमुनाबाईला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं झालं ना बाई. पोरगी वाचली तुमची. कोनं बांधला, काऊन बांधला, कायले इचारता?"

आणि मला एकदम काय झालं कोण जाणे... माझा आवाज असा चढला की कुसुम सिस्टर जीपमधून उतरून धावत आली.

"मंग माह्या आशिषच्या वक्ताले काऊन नाई बांधला? थेच दार होतं ना! मी रोज त्याच दारातून जात-येत होती. एक पान नाई दिसलं मले. एक पान नाई!"

 यमुनाबाईने आपल्या पोराला आत पाठवलं, मला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि नुसती बाजूला बसून राहिली. रडू तेव्हाही आलं नाही. पण घरी गेल्यावर मनूला घेतलं, ते रात्री झोपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

त्यानंतर तसा पाला मला कधीच दिसला नाही. मनूला आता स्वतःची मुलं आहेत, दोघांच्याही लशी वेळच्या वेळी झाल्यात. मनूच्या वेळी तो निंब कोणी बांधला, हे, खरं सांगू, मला जाणूनही घ्यायचं नाही. आशिषच्या वेळी का नाही बांधला, एवढं मात्र कोणीतरी मला सांगायला हवं होतं.