आतोबा, चंद्र आणि पापनाशमचे बैल

डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी एकही वस्तू देवाने निर्माण केलेली नाही, असं आमच्या आतोबांचं ठाम मत होतं, आणि बाकीच्या वस्तू तरी देवानेच निर्माण केल्या कशावरून, ही शंका होतीच. तंजावरच्या रजिस्टर कचेरीत खोट्या सह्या आणि मेलेल्या माणसांचे अंगठे बघण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे जिवंत माणसाचाही अंगठा ते जरा निरखूनच बघत. नारळ कानाशी हलवल्याशिवाय आणि फणस वाजवल्याशिवाय घरात यायचा नाही. लोकांच्या घरी कॉफी मिळाली की आधी पेला नाकाशी नेऊन, चिकोरी किती आणि बी किती याचा मनाशी निवाडा करत; निवाडा नेहमी यजमानांच्या विरुद्ध जायचा, पण कॉफी मात्र संपायची. मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं गावात सगळेच सांगतात, म्हणून हे भर उन्हात छत्री घेऊन ती शोधायला गेले. सावली पडलेली होती. तीत उभं राहून त्यांनी घाम पुसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवली. ज्यांना दाखवली त्यांच्यापैकी बरेच जण पुढे आतोबांनाच टाळू लागले.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे, म्हणून चंद्राबद्दलच्या सगळ्या अफवांना मी जबाबदार आहे असं ते धरून चालत. संध्याकाळी त्यांच्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, माझी उलटतपासणी व्हायची. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेले फोटो पेपरात आले तेव्हा त्यांनी घरात जाऊन स्वतःचा लग्नातला फोटो आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात आतोबा आणि आत्या काश्मीरच्या सरोवराकाठी बसले होते. दोघंही त्रिचीच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

पण पुढच्या वर्षी निराळीच बातमी आली. ती यानं चंद्राभोवती फिरताना काही ठिकाणी ओढल्यासारखी खाली येत आणि वेगात फरक पडे. तो फरक त्यांच्या रेडिओच्या लहरींवरून पृथ्वीवर कळे. त्यावरून शास्त्रज्ञांनी ताडलं की चंद्रावरच्या त्या काळ्या सपाट मैदानांखाली काहीतरी फार जड दडलेलं आहे. कुणी खणलं नाही, कुणी उतरलं नाही, नुसते फेरे घातले आणि पोटातलं काढून घेतलं. मी हे सांगितलं आणि शंकेची वाट बघत बसलो. आतोबांनी वर चंद्राकडे एकदा निरखून बघितलं. मग म्हणाले, "फोटो मणजे पढवलेला साक्षीदार रे. अडखळणं कोण पढवणार?"

त्यांनी कशावर तरी विश्वास ठेवल्याचं मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, आणि मला भीती वाटली. ती खोटी ठरली नाही.

त्यांची मुलगी सुभद्रा शाळेत शिकवत होती आणि लग्नाची राहिली होती. स्थळं येत नव्हती असं नाही. एक मुलगा फार तेल लावतो म्हणून गेला, एक फार छान बोलतो म्हणून. एकाने उप्पिट आवडतं असं सांगितलं. उप्पिट कुणाला आवडतं, हा खोटं बोलतोय, असा निकाल देऊन आतोबांनी त्यालाही वाटेला लावलं. आता पापनाशमच्या शाळेतला एक मास्तर पाहून गेला होता, आणि तो काहीच बोलला नव्हता. साहजिकच आतोबांना तो सगळ्यांत जास्त संशयास्पद वाटला. आत्याने मला मागच्या दारी बोलावून सांगितलं की पोरीला हा मुलगा मनापासून आवडलाय, आणि हाही गेला तर यापुढे कुणापुढे बसणार नाही असं तिने सांगून टाकलंय. सुभद्रा बोलल्याप्रमाणे वागणारी होती. मला रात्रभर चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आतोबा मला घेऊन पापनाशमला निघाले. गाडीत त्यांनी बेत सांगितला. मुलाबद्दल कुणालाही काही विचारायचं नाही, कारण गाव पढवलेलं असणार. लांबून घराभोवती फिरायचं, आणि त्या दारावरून जाणारा कोण कुठे ओढला जातो ते बघायचं. मी म्हटलं, आतोबा, तो चंद्र आहे, हा मास्तर आहे. ते म्हणाले, चंद्रही काही बोलत नाहीच.

मग आम्ही त्या गल्लीला फेरे घालू लागलो. फुलवाली त्या घरापाशी टोपली उतरवून बसली. आतोबा म्हणाले, पढवलेली. पोस्टमन ओट्यावर टेकला. सरकारी माणूस, त्याचं काय. गल्लीतली दारं एकेक करून किलकिली होऊ लागली आणि लोक आमच्याचकडे संशयाने बघू लागले. जन्मभर संशय घेतलेल्या माणसाला संशयित होण्याची सवय नसते, आतोबा छत्रीआड तोंड लपवू लागले. तेवढ्यात भाताची पोती लादलेली एक गाडी आली. गाडीवान झोपला होता. बैल आपल्या चालीने आले आणि नेमके त्या दारापुढे थांबले. कुणी हाकारलं नव्हतं, कासरा ओढला नव्हता. आतून मास्तर बाहेर आला, तांदूळ धुतलेल्या पाण्याची बादली दोघांपुढे ठेवली, एकाची मान खाजवली आणि गाडीवानाला न उठवता उभा राहिला.

आतोबांनी छत्री मिटली. "बैलांला कोणी पढवलं नाही," ते हळूच म्हणाले.

मागे मास्तरची आई दारात उभी होती. तिने आम्हाला कधीच ओळखलं होतं. ती म्हणाली, "इतकी प्रदक्षणा घाटल्यावर देव तरी प्रसाद देतो. आंत या."

लग्न झालं. पुढे माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी आली. ती आतोबांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही, फोटो होते ना तिच्यात. पापनाशमच्या वाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. जावयाची तपासणी अजून पुरी व्हायचीय, असं सांगून ते गाडीत बसत. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं खायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि हाका मारल्या तरी ते आत जात नसत. गल्लीला फेरा घालून परत येत.

आतोबा नातवंड बघायला राहिले नाहीत. परवा सुभद्रेकडे गेलो होतो. तिने त्यांचं नाव काढलं, मग कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "अप्पा दाराकड बघतही नव्हते. पण इथ आले की चाल मंद व्हायची."

मी कॉफी न हुंगता प्यालो.