बाडमेरच्या पुढचा सरळ रस्ता

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात टेम्पो चालवला. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे कॅरेट भरायचे आणि थेट सुरत गाठायची. टेम्पो विकून बरीच वर्षं झाली, तरी खोडदच्या घरासमोर एक गाडी असायचीच आणि तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. माझ्या लेकीची बारावी संपली आणि तिने वाळवंट बघायचा हट्ट धरला, तेव्हा आबाच म्हणाले, "रेल्वे कशाला? मी नेतो की."

चौघं निघालो. आई पुढे त्यांच्या शेजारी, मी आणि लेक मागे. आई एरवी मोजकंच बोलणारी, पण या प्रवासात तिचं तोंड थांबेना.

"अवं, म्होरं ट्रक हाय. डाव्या अंगाला सायकलवाला चाललाय. आता वळान येईल बगा."

गुजरात संपेपर्यंत मला वैताग आला. "आई, त्यांना दिसतंय ना? जरा गप्प बस की."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. पाचेक मिनिटांत पुन्हा सुरू झाली, "गुरं हायती रस्त्यात."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाडमेर मागे पडलं. रस्ता अगदी सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच एखादं खुरटं झाड. ऊन इतकं की काचेतून बघवत नव्हतं. जेवण नुकतंच झालं होतं. आईची मान कलली आणि ती झोपी गेली. आबांनी वेग कमी केला. मला वाटलं, तेही वाळवंट बघताहेत.

मेंढ्या मला लांबूनच दिसल्या. अख्खा कळप रस्ता ओलांडत होता आणि मोठं पागोटं घातलेला एक म्हातारा काठी आडवी धरून आम्हाला थांबायला सांगत होता. आबा आता ब्रेक दाबतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी दाबला नाही.

"आबा, मेंढ्या!" मी किंचाळले.

त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. चाकाखाली काहीतरी आलं, गाडी उडाली आणि वाळूत जाऊन रुतली. तो म्हातारा माझ्या दारापासून हातभर अंतरावर उभा होता.

एक मेंढी मेली होती. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला नाही. आबांच्या खिडकीशी वाकून त्याने विचारलं, "दिखता नहीं क्या?"

आबा समोरच बघत होते. "काय व्हतं?" ते आईला म्हणाले. "कुत्रं व्हतं का?"

गाडीपुढे पन्नासभर मेंढ्या उभ्या होत्या.

मी आईला हाताला धरून खाली उतरवलं. विचारायची गरजच पडली नाही. "साखरेनं डोळ्याचा पडदा गेलाय त्यांच्या," ती म्हणाली. "वरीस झालं. गाडी काडून घेतली तर मानूस झुरंल गं. म्हून मी शेजारी बसून सांगते."

"आणि मागे माझी पोरगी बसलीय, आई!"

ती तिथेच वाळूत बसली. तिला उठवावंसंही मला वाटलं नाही.

मेंढीची भरपाई म्हणून मी म्हाताऱ्याच्या हातात पैसे ठेवले. त्याने ते न बघताच खिशात घातले आणि मेंढीला पायांना धरून रस्त्याच्या कडेला ओढत नेलं. मग मी आबांच्या दाराशी गेले. "आबा, उतरा." ते हलले नाहीत. मी पुन्हा म्हणाले. शेवटी लेकीने त्यांचा हात धरला, "या आजोबा, इथं खड्डा आहे," आणि ते तिच्या आधाराने उतरले. मागच्या सीटवर बसताना त्यांचं डोकं दाराला आपटलं. जैसलमेर राहिलंच. गाडी वाळूतून काढायला दोन ट्रकवाल्यांनी मदत केली आणि मी स्टिअरिंगवर बसून तिथूनच परत फिरले.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवू. आबांनी मला एकच विनंती केली, गावात बोलू नकोस. मी हो म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी खोडदला असताना शेजारचे भाऊ धावत आले. "आबा, सुनंला कळा सुरू झाल्यात. मंचरला न्यायचंय, गाडी काडता का?"

आबा खरंच उठले. पायाने चपला चाचपू लागले. आई माझ्याकडे बघत राहिली.

"त्यांना दिसत नाही, भाऊ," मी म्हणाले. "मी नेते."

आबा भिंतीला हात लावत आत गेले.

सूनबाईंना मुलगी झाली, दोघी सुखरूप. आबा पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता बोलतात, पण कामापुरतंच. मी केलं ते बरोबर होतं याबद्दल मला शंका नाही. तरी शनिवारी गावी गेले की गाडी घरासमोर नेत नाही, अलीकडेच थांबवते.