मेलेल्या सिरिलची मान

सिरिल हेब्डन तीस वर्षं सिनेमात होता आणि त्याचं पडद्यावरचं सगळ्यात लांब वाक्य होतं, ‘‘साहेब, गाडी दारात उभी आहे.’’ कधी हवालदार, कधी पाद्री, कधी बटलर. दार उघडायचं, टोपी काढायची, बाजूला व्हायचं. मी नोरा, स्टुडिओच्या कपडेपटातली. त्याच्या अंगावर निम्मे गणवेश मीच चढवलेत. माणूस साधा, पण घरी म्हणून टिकायचा नाही. आज ग्लासगोला, उद्या ब्रायटनला. अ‍ॅक्टनच्या घरात त्याची बायको आयव्ही एकटीच चहा पीत बसायची.

मग म्हातारपणी त्याला मोठं काम मिळालं. मढ्याचं.

सिनेमात मिस्टर पिम सुरुवातीलाच मरतो. पेन्शन बंद होईल म्हणून बायको कुणाला पत्ता लागू देत नाही. त्याला खुर्चीत बसवून ठेवते आणि शेजारी दिसले की खिडकीतून त्याचा हात हलवते. लोकांनी पोट धरून हसावं आणि मग हसल्याची लाज वाटावी, असला प्रकार. पिमची बायको झाली होती लोर्ना फेन. रंगभूमीची महाराणी; तीन लग्नं, तीन काडीमोड. ती सिरिलचे केस विंचरायची, त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून दिवसभराच्या गोष्टी सांगायची, आणि सिरिलची पापणी लवायची नाही. आमचा दिग्दर्शक रॅल्फ म्हणायचा, ‘‘इतका मेलेला माणूस मी आजवर पाहिला नाही.’’

आयव्ही रोज हॅमचे सँडविच आणि चहाचा थर्मास घेऊन यायची आणि कॅमेऱ्यामागे माझ्याशेजारी बसायची. बसायची कसली, धुमसायची.

‘‘बघ, बघ, गाल कुरवाळतेय. मेलेल्याचा गाल कोण कुरवाळतं?’’

‘‘अगं, लिहिलंय तसं.’’

‘‘इतका वेळ लिहिलंय? तीस वर्षं या माणसाने घरात बूड टेकलं नाही, नोरा. जेवताना सुद्धा एक डोळा फोनवर. आणि इथे पाच आठवडे खुर्चीतून हलत नाही. हिच्यासाठी!’’

‘‘पैसे मिळतात त्याचे.’’

‘‘मी दिले असते,’’ आयव्ही म्हणाली. मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून गिळलं.

लोर्नाचं संध्याकाळी नाटक असायचं, त्यामुळे पाचला तिची गाडी यायची. एकदा ती गेली आणि मागे एक छोटा शॉट राहिला. नुसते हात आणि कंगवा. चेहरा दिसणार नव्हता. रॅल्फने आजूबाजूला पाहिलं. माझी बोटं सुयांनी चाळण झालेली. शेवटी त्याची नजर आयव्हीवर गेली.

‘‘मिसेस हेब्डन, हात दाखवा बरं.’’

मी तिच्या अंगावर लोर्नाचा झगा चढवला. ‘‘तिच्यासारखं जमायचं नाही मला,’’ म्हणाली.

दिवे लागले. आयव्हीने कंगवा घेतला, डावा हात सिरिलच्या कानामागे ठेवला, आणि मेलेल्या मिस्टर पिमची मान हळूच कलली आणि तिच्या तळहातावर टेकली.

‘‘कट! सिरिल, तू मेला आहेस!’’

‘‘माफ करा साहेब. मी काही केलं नाही.’’

पुन्हा घेतला. पुन्हा मान कलली. मग मी त्याच्या कॉलरमध्ये मागून लाकडी पट्टी खोचली. पट्टीसकट कलली.

रॅल्फने डोक्याला हात लावला. ‘‘बाई, तुम्ही त्याला करता तरी काय?’’

‘‘काही नाही हो. विंचरते. दर शनिवारी विंचरते.’’ कंगव्यातले केस काढत म्हणाली, ‘‘घरी असला तर.’’

सिरिल डोळे मिटून तसाच होता, पण फासलेल्या पांढऱ्या रंगाखाली त्याचे कान लालभडक झाले होते. आयव्हीने ते पाहिलं. तिचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू! मग अगदी साखर पेरल्या आवाजात तिने विचारलं, ‘‘आणखी एकदा घेऊ या का?’’ सगळं युनिट हसलं. तो शॉट काही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी रंगपटात मी लोर्नाच्या झग्याचे हुक लावत असताना कुणीतरी तिला ती गंमत सांगितली. ती हसली नाही.

‘‘पाच आठवडे माझा हात होता त्याच्या डोक्यावर,’’ ती आरशात बघत म्हणाली. ‘‘केससुद्धा हलला नाही.’’ आणि मग, ‘‘नोरा, ती बाई आता सेटवर नको. माझं लक्ष जातं.’’

हे आयव्हीला सांगायला मलाच फाटकावर जावं लागलं. वाटलं, रडेल, भांडेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘‘जळतेय म्हणायची?’’

‘‘जळतेय.’’

‘‘बरं झालं.’’ तिने सँडविचचा डबा माझ्या हातात दिला, त्याला मोहरी जास्त लागते म्हणून बजावलं, आणि बस गाठायला निघाली. चालताना गुणगुणत होती.

माझ्या हाताकडे आजवर कुणाची मान अशी आपसूक आली नाही. जळणारी एकटी लोर्नाच नव्हती, हे मात्र मी आयव्हीला सांगितलं नाही.