डाव्या कोपऱ्यातलं बटण

बसप्पाकाका लग्नपत्रिका टाइप करताना पडद्याकडे बघतच नसत. मान दाराकडे वळलेली, नजर रस्त्यावर, आणि बोटं मात्र सपासप चाललेली. साखर पेठेतल्या आमच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायला लागले तेव्हा मजकूर मोठ्याने वाचून देणं हेही माझंच काम होतं. मी मराठी वाचायची, कानडी गिऱ्हाईक स्वतः वाचायचं. काका दोन्ही एकाच वेगानं उतरवत. गिऱ्हाइकं थक्क होऊन बघत राहत. "कामाकडं कशाला बगायचं?" काका म्हणत, "काम आपल्याकडं बगतंय की."

ते दुधनीहून रोज रेल्वेने येत. मुलींना कानडी पद्धतीने 'अव्वा' म्हणत. स्वभावाने फार किळसणारे. कपावरचा चहाचा ओघळ बोटांना लागला तर चहा ओतून देत, आणि मी पत्रिकेतली चूक दाखवली की "शी, पूस ते आदी" म्हणत.

त्यांच्या संगणकावर नवं रूप, म्हणजे अपडेट, घ्यायची सूचना बरेच दिवस येत होती. ते ती फटक्यात बंद करत. एका शनिवारी ते डबा खायला मागे गेले असताना ती पुन्हा आली आणि मी 'हो' दाबलं. नवं ते चांगलंच असणार, एवढाच विचार केला.

सोमवारी पडदा उघडला तो वेगळाच. डाव्या कोपऱ्यातलं बटण मध्यभागी आलेलं, चित्रांखालची नावं गायब, सगळ्या कडा गोल गोल. मालक खूश झाले. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून म्हणाला, "माज्याकडंबी आलंय. साबनावानी गुळगुळीत नुसतं. कायबी सापडंना."

काकांचा माउसवरचा हात सवयीने कोपऱ्यात गेला. दाबलं. काहीच नाही.

"अव्वा, हितलं बटण कुटं गेलं?"

"मध्ये आलंय, काका."

"मदी? दाराची कडी कुनी दाराच्या मदोमद लावतं व्हय?"

दुपारपर्यंत अक्कलकोटच्या एका घरची पूर्ण झालेली पत्रिका हरवली. ती 'क्लाउड'मध्ये, म्हणजे ढगात साठवली आहे, असं यंत्र सांगत होतं. "ढगात ठेवायला ती पाऊस हाय का?" काका ओरडले. नवरदेवाचे वडील समोरच बसलेले. मालकांनी त्यांच्यादेखत काकांना झापलं, "लहान पोरांना जमतंय, तुम्हाला जमत नाही?"

काका उठले, बाहेर गेले आणि गटारात थुंकले. मी मागोमाग गेले. वळताना ते माझ्यावरच आदळले.

"दिसले नाही का मी?"

"न्हाय दिसलीस." मग हळू आवाजात म्हणाले, "काचबिंदू हाय. मदली वाटीभर जागा दिसते, तीबी धुरकट. डोळे दोन वर्सांमागंच गेले, अव्वा. हातानं बगत होतो. आज या नव्या पडद्यानं हातबी आंधळे केले."

"काका, ते 'हो' मी दाबलं होतं."

त्यांनी चाचपत दाराची चौकट धरली. "मग आता शेजारी बस," एवढंच म्हणाले.

मालकांना त्यांनी स्वतःच खरं सांगितलं आणि आठ दिवस मागून घेतले. मालक ओशाळले. जुनं रूप परत आणता येईना, दुरुस्तीवाल्याने हात वर केले. मग काकांनी माउसच बाजूला सारला. कुठली कळ दाबली की काय उघडतं ते मी वाचून सांगायची, ते पुटपुटत पाठ करायचे. चेहऱ्यावर किळस अखंड. "जेवनात केस निघाल्यावानी वाटतंय," ते म्हणत, "पन जेवतोय." आठवड्याने अक्कलकोटची पत्रिका त्यांनी नव्याने केली, एकही चूक नाही.

पुढे सव्वा वर्ष त्यांनी काम केलं. मग ती वाटीभर जागाही मिटली. शेवटच्या दिवशी मुलगी न्यायला आली होती. काका खुर्चीतून उठता उठता थांबले.

"अव्वा, एवडे दिवस इचारलंच न्हाय. कसं दिसतंय गं ते नवं रूप?"

मला खोटं बोलवेना. "सुंदर दिसतंय, काका."

त्यांचं तोंड कडू झालं. "मग दिसनाऱ्यांसाठीच केलंय की ते," ते म्हणाले, आणि मुलीचा खांदा धरून पायरी उतरले.