‘रेस्ट’ नावाचं बटण

“जोशीसाहेब, ते ‘स्टॉप’ काढा. माझ्या कारखान्यात तो शब्द नको.”

दादासाहेब गंगापूरकडचे. उसाची, कापसाची भरपूर शेती, आणि आता जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. तिथं कापूस वाहून नेणारा एक लांब पट्टा होता. त्याचं कंट्रोल पॅनल मी बनवत होतो. पॅनल म्हणजे बटणं आणि दिवे असलेलं लोखंडी कपाट. मशीन तिथून चालवतात. ते बघायला दादासाहेब माझ्या पडेगावच्या वर्कशॉपवर आले होते.

“मग थांबवायच्या बटणावर काय लिहू?”

“कायतरी चांगलं लिहा. ‘रेस्ट’ लिहा. मशीन काय मरत नाय, आराम करतंय.”

आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हे मलाही घरी शिकवलेलं. पण ही रीत इंग्रजीला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमचा धंदा उलट शब्दांच्या जोड्यांवर चालतो: स्टार्ट-स्टॉप, ऑन-ऑफ, फॉरवर्ड-रिव्हर्स, फुल-एम्प्टी. दादासाहेबांनी प्रत्येक जोडीतला एक शब्द अशुभ ठरवला. ‘ऑफ’चं ‘रेडी’ झालं. ‘रिव्हर्स’चं ‘फॉरवर्ड टू’. कापूस संपल्यावर लागणाऱ्या ‘एम्प्टी’च्या दिव्याखाली ‘विल बी फुल’.

मग त्यांना ड्रॉइंगवर ‘नॉर्मली क्लोज्ड’ दिसलं.

“नॉर्मली क्लोज्ड? अजून सुरू नाय झाला कारखाना!”

मी समजावलं. हे बटणाच्या आतल्या जोडाबद्दल आहे. बटण दाबलेलं नसताना जोड जुळलेला असतो, म्हणून क्लोज्ड. दाबलं की जोड तुटतो आणि मशीन थांबतं. उद्या उंदरानं वायर कुरतडली तरी मशीन थांबेल. म्हणून थांबवायचं बटण नेहमी याच जातीचं घेतात.

“व्हय, पण कागदावर तरी ‘ओपन’ लिहा की.”

ते मात्र मी लिहिलं नाही. कागद बघून उद्या कुणी वायरिंग केलं, तर वायर तुटल्यावर पट्टा थांबणारच नाही, हे सांगून पाहिलं. दादासाहेब म्हणाले, “तुम्ही लई घाबरता.”

जाड लाल टोपीचं इमर्जन्सी बटण तर त्यांना नकोच होतं. इमर्जन्सी म्हणजे साक्षात अपशकुन. ते नसेल तर मी पॅनल देणार नाही, असं मी सांगितलं. तडजोड झाली: बटण राहील, पण नाव नाही.

पाट्या खोदायला औरंगपुऱ्यात दिल्या. खोदणाऱ्यानं यादी दोनदा वाचली.

“साब, ये गेस्ट हाऊस का काम है क्या?”

“नाही. जिनिंगचं.”

“फिर रेस्ट कौन लेता उधर?”



पट्टा चालवायला रफिक होता. जुन्या जिनिंगमधून आलेला, हाताचा चलाख. पॅनलसमोर उभा राहून तो बराच वेळ डोकं खाजवत होता.

“साब, स्टॉप मैं देखके पहचानता, पढ़के नहीं. ये कौनसा है?”

मी बटणं दाखवली. त्यानं बोटांवर घोकली. नावं असूनही बटणं घोकावी लागणारं पॅनल मी आयुष्यात एवढं एकच बनवलं.

उद्घाटनाला मांडव, स्पीकर, सत्कार. दादासाहेबांच्या सत्काराची शाल त्यांच्याच पैशाची, त्यांच्याच मेव्हण्याच्या हस्ते. पॅनलची पूजा झाली. स्वस्तिक काढलं, आणि झेंडूचा हार अडकवायला पुढं आलेली जागा एकच होती: ती लाल टोपी. मी हार काढला. दादासाहेबांनी परत घातला.

“अहो, ते बटण आहे.”

“म्हणून तर घातला. कुणाचा हात लागायला नको.”

रफिकनं पट्टा सुरू केला. टाळ्या पडल्या. दादासाहेब फुलं वाहायला फिरत्या रोलरपाशी वाकले. शालीचं टोक रोलरनं धरलं. दुसरं टोक गळ्याभोवती होतं.

“बंद कर! ए रफिक, बंद कर! मेलो! गेलो रे, गेलो!”

आजवर त्या आवारात बंदी असलेले सगळे शब्द एका दमात बाहेर पडले.

रफिकचं बोट पॅनलवर फिरत होतं. घोकलेलं सगळं त्या आरड्याओरड्यात उडालं होतं. त्यानं ‘फॉरवर्ड टू’ दाबलं. काहीच झालं नाही. पट्टा पुढं पळत असताना ते बटण चालू नये, अशी सोय मीच केली होती. तोपर्यंत मी पोचलो आणि झेंडूवर जोरात तळहात मारला. पट्टा थांबला.

दादासाहेब रोलरवर हनुवटी टेकून गुडघ्यांवर होते. मेव्हण्यानं शाल कापली. गळ्यावर लाल वळ आला होता. कुणीतरी पाणी आणलं. ते प्यायच्या आधीच दादासाहेब रफिकवर घसरले.

“आंधळा हाय का रे तू? एक बटण दाबता येत नाय?”

“मालिक, उसपे लिखा क्या था?” रफिक रडवेला झाला होता. “बंद करने का तो कहींच नहीं लिखा.”

मांडवात स्पीकरवर सनई चालूच होती.

दादासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज बसला होता. “स्टॉप लिहा. मोठ्या अक्षरात.”

“लाल बटणावर?”

“त्याच्यावर बी. मराठीत, उर्दूत, काय यायचं ते लिहा.”

औरंगपुऱ्यातून नव्या पाट्या आणून मी स्वतः बसवल्या. ‘विल बी फुल’ मात्र त्यांनी राहू दिलं. रिकामं म्हणवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. तो दिवा कुणाचा गळा आवळत नसल्यानं मीही वाद घातला नाही.

या प्रकरणातून मी एक शिकलो. शुभ बोलायला सवड लागते. थांबवायच्या बटणापाशी येणाऱ्या माणसाकडं ती नसते.

काम संपल्यावर हत्यारं पिशवीत भरली. त्या कारखान्यात आधी एकदा चुकून ‘जातो’ म्हणालो होतो, तेव्हा दादासाहेबांनी फाटकापासून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावलं होतं. या वेळी मी मुद्दामच म्हणालो, “जातो, दादासाहेब.”

त्यांनी गळ्यावरून हात फिरवला.

“बरं, जा.”