चिलखती जहाजाचे लोक

जपानमध्ये सेंदाईजवळच्या एका बंदरात मी नोकरीला आहे; तिथल्या देवळामागच्या दफनभूमीत एक आजी मला दर रविवारी दिसायच्या. घरच्यांच्या दगडावर त्या लाकडी ओगराळ्याने दोन-तीनदा पाणी घालत. पण कोपऱ्यातल्या बिननावाच्या दगडावर अख्खी बादली.

एकदा मी विचारलं, “आजी, हे तुमचे कोण?”

“कोणी नाहीत. जहाजांना पहिल्यांदा लोखंडी चिलखत चढवलं ना, तेव्हाचे खलाशी. खाली भट्टीत कोळसा टाकायचे. चारी बाजूंनी लोखंड. फार तापायचं हो आत.”

मग म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात मुलगा मला टोकियोला नेतोय. कोणी येईनासं झालं की देवळाचे लोक दगड काढून टाकतात.”

मी सांगितलं, “माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. घरी आले की तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत बोलत नसत.” त्याच पगारावर मी घरातला पहिला पदवीधर झालो.

“मग तुम्हाला कळेल,” म्हणत त्यांनी ओगराळं माझ्या हातात दिलं. मी सवयीने बूट काढले. आजी हसल्या. “अहो, बूट घाला! गार त्यांना हवंय, तुम्हाला नको.”

आजी टोकियोला गेल्या. दगड अजून जागेवर आहे. रविवारी मी जातो, बादली भरतो आणि ती रिकामी होईपर्यंत काही बोलत नाही. आधी त्यांचं पाणी पिऊन होऊ दे.